आधी आभाळ, मग दिवे: गोडो ४ मध्ये स्काय आणि एन्व्हायर्नमेंट लायटिंग कसं लावायचं

थ्रीडी सीन करायला घेतला की बहुतेक जण आधी मॉडेल ठेवतात, मग एक डायरेक्शनल लाईट (सूर्यासारखा एकाच दिशेने येणारा उजेड) टाकतात, सावल्या काळ्याकुट्ट दिसतात म्हणून मग इकडे एक ओम्नी लाईट (बल्बसारखा सगळीकडे उजेड टाकणारा), तिकडे एक ओम्नी लाईट असं करत बसतात, आणि आभाळ येतं सगळ्यात शेवटी, मागे काहीतरी निळं हवं म्हणून. मी पण बराच काळ असंच करायचो आणि सीन कधी खरा वाटायचाच नाही. कारण आभाळ हा मागचा पडदा नाहीये, तो तुमच्या सीनमधला सगळ्यात मोठा दिवा आहे, चारही बाजूंनी आणि वरून उजेड टाकणारा, आणि सावलीत जे काही दिसतं ते त्याच्याच जिवावर दिसतं. म्हणून आधी आभाळ लावायचं, ते नीट बसलं की सूर्य, आणि त्यानंतर खरोखर गरज उरली तरच बाकीचे दिवे.

खाली सगळं गोडो या गेम इंजिनचं ४ व्हर्जन धरून लिहितोय. १ मार्च २०२३ ला ४.० आलं तेव्हापासून यातले जवळपास सगळे नोड (सीन ज्या तुकड्यांनी बनतो ते) आणि सेटिंग्ज त्याच नावाने आहेत. युनिटीवाल्यांना लायटिंग विंडोतला स्कायबॉक्स आणि अनरीयलवाल्यांना स्काय ॲटमॉस्फिअर अधिक स्काय लाईट असं समजून वाचलं तरी चालेल, विचार तोच आहे, फक्त बटणं वेगळी.

उदाहरणाला माझाच सीन घेतो, कोकणातलं एक कौलारू घर, पुढे अंगण, मग ओसरी, आत माजघर, आणि अंगणात विहिरीच्या काठावर एक पितळी कळशी. कळशी मुद्दाम ठेवलीये. कळशीच्या मटेरियलला मेटॅलिक (धातूपणा) १ आणि रफनेस (खडबडीतपणा) ०.२ द्या, सीनमध्ये फक्त डायरेक्शनल लाईट ठेवा, आभाळ अजिबात नाही, आणि बघा. एका ठिकाणी एक चकाकता ठिपका आणि बाकी अख्खी कळशी काळपट, जळल्यासारखी. टेक्श्चर चुकलं असं वाटतं आणि लोक तिकडे तासन् तास घालवतात, पण टेक्श्चर बरोबर असतं. धातूला स्वतःचा असा पसरलेला रंग नसतोच, त्याच्यात फक्त आजूबाजूचं प्रतिबिंब दिसतं, आणि आजूबाजूला काहीच नसेल तर दिसणार काय. आता आभाळ लावा, आणि तीच कळशी वरच्या बाजूला निळसर, कडेला क्षितिजाची पांढुरकी पट्टी, खाली मातीचा तांबूस रंग घेऊन एकदम पितळेची होते. म्हणून माझ्या प्रत्येक सीनमध्ये मी सुरुवातीला दोन गोळे ठेवतो, एक आरशासारखा धातूचा आणि एक साधा करडा, रफनेस १, रंग साधारण ११८, ११८, ११८. हा करडा म्हणजे फोटोग्राफीतला १८ टक्के ग्रे. धातूचा गोळा सांगतो प्रतिबिंब कुठून येतंय, करडा गोळा सांगतो उजेड कुठल्या रंगाचा आणि किती आहे. शेवटी डिलीट करायचे.

आता कामाला लागू. नवीन थ्रीडी सीन उघडला की व्ह्यूपोर्टमध्ये आपोआप आभाळ आणि ऊन दिसतं, आणि इथेच पहिला घोळ होतो, कारण ते खरं नसतंच, ते एडिटरचं प्रिव्ह्यू असतं. एडिटरमध्ये छान दिसलं म्हणून गेम रन केला की मागे करडा रंग आणि घर अंधारात. वरच्या टूलबारमध्ये सूर्य आणि पृथ्वीच्या गोळ्यासारखे दोन आयकॉन आहेत, त्यांच्या शेजारी तीन टिंबांचं बटण आहे, त्यातून सूर्य आणि एन्व्हायर्नमेंट दोन्ही सीनमध्ये ॲड करता येतात, किंवा सरळ हाताने वर्ल्डएन्व्हायर्नमेंट नोड टाका आणि त्याच्यात नवीन एन्व्हायर्नमेंट रिसोर्स बनवा. मी हातानेच टाकतो, म्हणजे आत काय चालू आहे आणि काय बंद हे मला माहीत असतं. खरे नोड आले की प्रिव्ह्यू आपोआप बंद होतं. वर्ल्डएन्व्हायर्नमेंट एका वेळी एकच ठेवा. लेव्हलच्या सीनमध्ये एक आणि त्यात इन्स्टन्स केलेल्या घराच्या सीनमध्ये दुसरा असं चुकून होतं आणि मग आपण बदलतोय एक आणि दिसतंय दुसऱ्याचं, अशी गत होते, गोडो पिवळं वॉर्निंग देतं त्याकडे बघत जा. कॅमेऱ्यालाही स्वतःचं एन्व्हायर्नमेंट देता येतं आणि ते दिलं असेल तर त्या कॅमेऱ्यापुरतं तेच लागू होतं, तेव्हा काही केल्या फरक पडत नसेल तर कॅमेरा तपासा. आणि एन्व्हायर्नमेंट रिसोर्स वेगळी फाईल म्हणून सेव्ह करा, म्हणजे सकाळ, दुपार, पावसाळा अशा तीन फाईली करून नुसत्या बदलून बघता येतात.

बॅकग्राउंडचा मोड स्काय करा, खाली स्कायच्या खान्यात नवीन स्काय, आणि त्याच्या आत स्काय मटेरियल. पण थांबा, रंगांना हात लावायच्या आधी टोनमॅप (सीनमधला कमी-जास्त उजेड स्क्रीनच्या रंगांत बसवायची पद्धत) निवडा. हे उलट केलं तर सगळं परत करावं लागतं. नवीन एन्व्हायर्नमेंटमध्ये टोनमॅप लिनियर असतो, म्हणजे १ च्या वर गेलेलं सगळं सरळ पांढरं कापलं जातं, ढगांच्या कडा नाहीशा होतात, चुन्याची भिंत नुसता पांढरा ठिगळ दिसते. उन्हाच्या सीनला फिल्मिक किंवा एसीईएस घ्या. ४.४ किंवा पुढचं व्हर्जन असेल तर एजीएक्स पण आहे, आणि मला तोच सगळ्यात आवडतो, कारण खूप उजेडात गडद रंग विचित्र न होता हळूहळू पांढऱ्याकडे जातात, संध्याकाळच्या आभाळात हा फरक चटकन दिसतो. एकदा निवडला की निवडला, मध्येच बदलायचा नाही.

मटेरियलचे तीन प्रकार आहेत: प्रोसिजरल, फिजिकल आणि पॅनोरामा.

प्रोसिजरलपासून सुरुवात करा, कारण हलकं आहे आणि चार रंगांत काम होतं: आभाळाचा माथा, आभाळाचं क्षितिज, जमिनीचं क्षितिज, जमिनीचा तळ. स्वच्छ आभाळ नीट बघितलंत तर माथ्यावर निळा गडद असतो आणि क्षितिजाकडे फिकट, पांढुरका आणि जास्त उजळ होत जातो, तेच करा, शुद्ध निळा कुठेच नको. भरून आलेल्या आभाळाचं मात्र बरोबर उलटं असतं आणि इथे जवळजवळ सगळेच चुकतात. पूर्ण ढगाळ आभाळात माथा क्षितिजापेक्षा उजळ असतो, इमारतींच्या उजेडाचा हिशोब करणारे जे प्रमाण ढगाळ आभाळ धरतात त्यात तर माथा क्षितिजाच्या तिप्पट उजळ असतो. म्हणजे जुलैतली दुपार करायची असेल तर माथ्याला फिकट करडा आणि क्षितिजाला गडद करडा. मी स्वच्छ आभाळाचेच रंग नुसते करडे करून ठेवायचो आणि ते पावसाळ्यासारखं न दिसता धुक्यातल्या सकाळीसारखं दिसायचं, कारण कळेना. दोन रंगांची अदलाबदल केली आणि झालं, अंगणातल्या प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर उजेड आणि पोटाखाली मऊ अंधार, पाऊस न पाडता पावसाळा आला.

जमिनीच्या दोन रंगांकडे कोणी लक्षच देत नाही, जमीन तर मॉडेलने झाकलेली असते, मग कशाला. पण हे रंग दिसण्यासाठी नाहीत, खालून वर येणाऱ्या उजेडासाठी आहेत. कोकणात जांभ्याची तांबडी माती, ऊन तिच्यावर पडून परत उसळतं आणि वळचणीच्या खालच्या बाजूला, ओसरीच्या आढ्याला, माणसाच्या हनुवटीखाली हलका तांबूस उजेड येतो. जमिनीचा तळ त्या मातीच्या रंगाचा केला की हे फुकटात मिळतं. डिफॉल्टचा काळपट रंग ठेवला तर वळचणीखाली सगळं मेल्यासारखं दिसतं.

फिजिकल मटेरियल हवेत उजेड कसा विखुरतो याचा हिशोब करतं. हवेचे रेणू कमी लांबीच्या लाटा जास्त विखुरतात, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे ४५० नॅनोमीटरचा निळा हा ६५० च्या लाल उजेडापेक्षा चौपटीहून जरा जास्त. म्हणून आभाळ निळं, आणि सूर्य खाली गेला की उजेडाला जास्त हवेतून यावं लागतं, निळा वाटेतच सांडतो आणि तांबूस उरतो. इथे तुम्ही रंग निवडत नाही, सूर्य फिरवता आणि आभाळ आपोआप बदलतं. टर्बिडिटी म्हणजे हवेतली धूळ-धूर, शहरातल्या हिवाळ्यातल्या संध्याकाळी ती वाढवा. दोन गोष्टी लक्षात ठेवा, एक म्हणजे हे मटेरियल फक्त पहिल्या डायरेक्शनल लाईटकडे बघतं, आणि दुसरं म्हणजे आभाळ तांबडं झालं तरी लाईटचा रंग स्वतःहून बदलत नाही, तो तुम्हालाच द्यावा लागतो. नाहीतर मावळतीचं केशरी आभाळ आणि अंगणात दुपारचं पांढरं ऊन असं दिसतं.

आता सूर्य. डायरेक्शनल लाईट थ्रीडी टाका, शॅडो चालू करा. लाईटचा एक्स रोटेशन शून्य म्हणजे सूर्य क्षितिजावर, उणे ९० म्हणजे डोक्यावर. कोन अंदाजाने ठेवू नका, तुमचा सीन कुठला आहे आणि कुठल्या महिन्यातला आहे ते ठरवा. पुणे साधारण १८.५ अंश अक्षांशावर आहे, तर २१ डिसेंबरच्या भर दुपारी तिथे सूर्य जास्तीत जास्त ४८ अंशांवर चढतो आणि दक्षिणेला झुकलेला असतो, सावल्या दुपारीसुद्धा लांब. आणि मेच्या मध्यावर तोच सूर्य बरोब्बर डोक्यावर, शून्य सावलीचा दिवस, खांबाची सावली खांबाच्या पायातच. हा फरक प्रेक्षकाला सांगता येत नाही पण जाणवतो. इंटरनेटवरचे बरेच लायटिंगचे नमुने युरोपातले असतात, तिथे डिसेंबरात सूर्य जेमतेम वर येतो, ते कोन तसेच उचलून मे महिन्यातलं कोकण उभं राहत नाही.

अँग्युलर डिस्टन्स नावाची एक सेटिंग आहे, ती डिफॉल्टला शून्य असते, ती ०.५ करा. सूर्य हा बिंदू नाही, पृथ्वीवरून तो साधारण अर्ध्या अंशाची थाळी दिसतो, आणि म्हणून सावलीची कड वस्तूजवळ तीक्ष्ण आणि लांब गेली की मऊ होत जाते. तीन मीटर उंचीवरच्या वळचणीची सावली खाली अंगणात पडते तेव्हा तिची कड जवळपास तीन सेंटीमीटर पुसट झालेली असते, आणि शेजारीच जमिनीवर टेकलेल्या कळशीच्या बुडाशी मात्र सावली सुरीने कापल्यासारखी. छपरात काचेचं कौल असेल तर माजघरात पडणाऱ्या कवडशालाही हीच मऊ कड हवी. आभाळात सूर्याची थाळी किती मोठी दिसणार तेही याच आकड्यावर ठरतं. जीपीयूला (ग्राफिक्स चिपला) थोडं जड जातं पण डेस्कटॉपवर परवडतं. सावल्या चौकटी-चौकटीच्या दिसत असतील तर शॅडोचं मॅक्स डिस्टन्स बघा, डिफॉल्ट १०० मीटर असतं, तुमचं अंगण तीस मीटरचं असेल तर ४० करा, तोच शॅडो मॅप (सावल्यांसाठी बनवलेलं चित्र) कमी जागेत वापरला जातो आणि सावली लगेच रेखीव होते.

चंद्र हवा असेल तर दुसरा डायरेक्शनल लाईट. प्रत्येक लाईटला स्काय मोड असतो: उजेड आणि आभाळ दोन्हीत, फक्त उजेडात, फक्त आभाळात. भरीला टाकलेला एखादा लाईट प्रोसिजरल आभाळात दुसरा सूर्य होऊन बसला तर त्याला फक्त उजेडात ठेवा.

सूर्य आणि आभाळ यांचं प्रमाण हीच खरी मेहनतीची जागा. भर दुपारी उन्हात लाखभर लक्स उजेड असतो आणि त्याच वेळी मोकळ्या सावलीत दहा-वीस हजार. म्हणजे सावली काळी नसते, उन्हाच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याची असते आणि निळसर असते, कारण तिथे सूर्य पोचत नाही, फक्त आभाळ पोचतं. चाचणी सोपी आहे: एक पांढरी भिंत ठेवा, रंग २५५ नको, २३० च्या आसपास ठेवा, चुना पण सगळा उजेड परत देत नाही, आणि तिच्यावर खांबाची सावली पडू द्या. सावलीचा भाग निळसर आणि आतलं टेक्श्चर वाचता येण्याइतका उजळ दिसला तर बरोबर. करडा आणि मेलेला दिसला तर आभाळात रंग कमी आहे. ऊन-सावलीत फरकच वाटेना तर ॲम्बियंटची (चारही बाजूंनी येणाऱ्या आभाळाच्या उजेडाची) एनर्जी खाली आणा. सावली काळी म्हणून ओम्नी लाईट टाकायचा हात इथे आवरा.

ॲम्बियंट लाईटच्या सेक्शनमध्ये सोर्स बॅकग्राउंड किंवा स्काय ठेवा आणि स्काय काँट्रिब्युशन १. हे १ असताना शेजारचा ॲम्बियंट कलर कितीही बदला, काही होत नाही, बिघडलेलं नाहीये, सगळा उजेड आभाळातूनच येतोय म्हणून तसं आहे. कलर सोर्स लावला तर सगळीकडून एकच सपाट रंग येतो आणि वळचणीखालची तांबूस छटा, डोक्यावरची निळाई सगळं जातं, कार्टून पद्धतीचा गेम असेल तरच ते वापरा. रिफ्लेक्टेड लाईटचा सोर्स पण तसाच, कळशी परत काळी झाली तर आधी हेच बघायचं. आणि बॅकग्राउंडचा एनर्जी मल्टिप्लायर वाढवला तर नुसतं आभाळ उजळत नाही, त्याच्यामुळे पडणारा उजेड पण वाढतो, तेव्हा मागचं आभाळ फिकट वाटतंय म्हणून तो ओढू नका, रंग बदला.

पॅनोरामा म्हणजे खऱ्या आभाळाचा ३६० अंशातला फोटो, रुंदी उंचीच्या दुप्पट. इथे अट एकच, फाईल डॉट एचडीआर किंवा डॉट ईएक्सआर हवी. जेपीजी लावलं तर आभाळ दिसतं छान पण उजेड मुळमुळीत पडतो, कारण जेपीजीत सूर्यही २५५ आणि पांढरा ढगही २५५, खऱ्यात सूर्य ढगाच्या हजारो पट तेजस्वी असतो आणि ती माहिती कापली गेलेली असते. फोटोतल्या खऱ्या उजेडाने खोट्या वस्तू उजळवायची ही पद्धत पॉल डेबेवेक यांनी १९९८ मध्ये मांडली, आज प्रत्येक इंजिनमध्ये तीच आहे. पॉली हेवन या वेबसाइटवर असे पॅनोरामा सीसी झिरो लायसन्सने मिळतात, विकायच्या गेममध्ये पण चालतात.

किती मोठी फाईल घ्यायची? गोडोच्या कॅमेऱ्याचा डिफॉल्ट एफओव्ही (कॅमेऱ्याला दिसणारा कोन) ७५ अंश उभा आहे, म्हणजे १६:९ स्क्रीनवर आडवा साधारण १०७ अंश. ४०९६ पिक्सेल रुंद पॅनोरामातले त्यात येतात साधारण १२१७, आणि ते ताणले जातात १९२० वर, म्हणून ४के आभाळ जरा मऊ दिसतं. ८के घेतलं तर ते पुरतं पण मेमरी चौपट लागते. माझं मत, ढगच दिसणार असतील तर ४के, ढग मुळातच मऊ असतात, लांबचे डोंगर किंवा झाडं फोटोत असतील तर ८के. मात्र उजेडासाठी रिझोल्यूशनचा काही संबंध नाही, त्यासाठी गोडो स्वतः एक छोटा रेडियन्स मॅप (आभाळाच्या उजेडाचं लहान चित्र) बनवतं, डिफॉल्ट २५६ चा, तो वाढवायची गरज आरशासारख्या गुळगुळीत वस्तू असतील तरच.

पॅनोरामातला सूर्य आणि तुमचा डायरेक्शनल लाईट एका रेषेत हवेत, नाहीतर ऊन एकीकडून आणि कळशीतली चमक दुसरीकडून येते आणि डोळा ते लगेच पकडतो. अंदाजाने फिरवत बसू नका, माझी पद्धत अशी: व्ह्यूपोर्टमध्ये फिरून फोटोतला सूर्य बरोबर मधोमध आणा, लाईट सिलेक्ट करा, व्ह्यूपोर्टच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या पर्स्पेक्टिव्ह मेनूत अलाईन रोटेशन विथ व्ह्यू दाबा. आता लाईट सूर्याच्या दिशेने उजेड फेकतोय, आपल्याला उलट हवंय, म्हणून इन्स्पेक्टरमध्ये एक्स रोटेशनचं चिन्ह उलटं करा, म्हणजे ३५ असेल तर उणे ३५, आणि वायमध्ये १८० मिळवा. झालं, अर्ध्या मिनिटाचं काम. पुढे आभाळ फिरवावंसं वाटलं तर एन्व्हायर्नमेंटमध्ये स्काय रोटेशन आहे पण त्याने लाईट फिरत नाही, तितकाच लाईटही फिरवावा लागतो. ढगाळ पॅनोरामा असेल तर ही कटकटच नाही, सूर्य बंदच ठेवा.

आता माजघरात जाऊ, कारण बाहेर सगळं जमलं आणि आत गेलं की फजिती होते. दारं-खिडक्या बंद आणि खोली आतून निळसर उजळलेली, जणू छप्परच नाही. कारण आभाळाचा ॲम्बियंट उजेड भिंतींना विचारत नाही, तो सगळ्या पृष्ठभागांना त्यांच्या दिशेप्रमाणे सरसकट मिळतो. ॲम्बियंटची एनर्जी कमी केली तर बाहेरचं अंगण मरतं, त्यामुळे तो उपाय नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रिफ्लेक्शन प्रोब, आजूबाजूचं प्रतिबिंब टिपून ठेवणारा नोड. खोलीच्या मापाचा एक प्रोब ठेवा, साईझ भिंतींच्या किंचित बाहेर जाईल इतका, इंटीरियर चालू, बॉक्स प्रोजेक्शन चालू, आणि ॲम्बियंटचा मोड डिसेबल्ड किंवा कलर करून एक गडद तपकिरी रंग. इंटीरियर चालू केल्याने प्रोब आभाळ धरत नाही, त्या खोलीतल्या तांब्याच्या हंड्यात आभाळाऐवजी भिंती दिसतात, आणि खोलीत निळा उजेड भरून राहत नाही. घर हलणारं नाही आणि सूर्य पण एकाच जागी आहे असं असेल तर लाईटमॅप जीआय बेक करा (म्हणजे उजेडाचा हिशोब आधीच करून साठवून ठेवा), त्याच्यासारखं सुंदर दुसरं काही दिसत नाही, दारातून आलेलं ऊन शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडून भिंतीवर चढतं ते त्यातच खरं दिसतं. त्यासाठी मॉडेल इम्पोर्ट करताना स्टॅटिक लाईटमॅपचा पर्याय घ्यावा लागतो, आणि आभाळ बदललं की परत बेक करावं लागतं, हे विसरून लोक जुन्याच उजेडात नवीन आभाळ बघत बसतात. दिवस-रात्र फिरणार असेल, आणि फॉरवर्ड प्लस रेंडरर (गोडोची डेस्कटॉपसाठीची चित्र काढायची पद्धत) असेल, तर एसडीएफजीआय (उसळणाऱ्या उजेडाचा हिशोब गेम चालू असतानाच करणारी सेटिंग) चालू करा, तो आभाळाचा उजेड भिंतींनी अडवतो आणि एक-दोन उसळ्या पण देतो, फक्त भिंती कागदासारख्या पातळ नकोत, नाहीतर उजेड आरपार गळतो. जुन्या घरांच्या भिंती तशाही हातभर जाड असतात, तशाच करा.

धुकं हे आभाळाचंच काम आहे म्हणून इथेच सांगतो. एन्व्हायर्नमेंटमधलं साधं फॉग चालू करा, डेन्सिटी अगदी कमी, ०.००१ पासून सुरू करून वाढवत जा, आणि त्यातली एरियल पर्स्पेक्टिव्ह ही सेटिंग ०.५ च्या पुढे न्या. याने फॉगचा रंग तुम्ही दिलेला न राहता आभाळातून घेतला जातो, आणि लांबचे डोंगर एकामागे एक फिकट निळे होत जातात, सह्याद्रीच्या रांगा घाटमाथ्यावरून दिसतात तशा. स्काय अफेक्ट कमी करा, नाहीतर आभाळच फॉगने झाकून जातं. व्हॉल्युमेट्रिक फॉग फक्त फॉरवर्ड प्लसमध्ये चालतो, कवडशात धूर तरंगताना दाखवायचा असेल तरच घ्या.

ग्लो (उजळ भागांभोवती पसरणारी चमक) लावणार असाल तर आभाळ बघून लावा. थ्रेशोल्ड १ वर असतो आणि एचडीआर आभाळ सहज १ च्या वर जातं, मग अख्ख्या क्षितिजावर दूध सांडल्यासारखं पसरतं. थ्रेशोल्ड वाढवा किंवा इंटेन्सिटी कमी करा, चमक फक्त सूर्याला आणि कळशीवरच्या ठिपक्याला मिळायला हवी.

दिवस-रात्र फिरवायचं असेल तर कोडची पण गरज नाही, एक ॲनिमेशन प्लेअर पुरतो. २४ सेकंदांचं ॲनिमेशन करा, एक सेकंद म्हणजे एक तास, सूर्य तासाला १५ अंश फिरतो, एक्स रोटेशनचा ट्रॅक त्याप्रमाणे. शेजारी लाईटच्या रंगाचा ट्रॅक, सूर्य क्षितिजाजवळ असताना केशरी, १५-२० अंश वर गेला की जवळजवळ पांढरा, आणि एनर्जीचा ट्रॅक, क्षितिजाखाली जाताना शून्य, नाहीतर रात्री जमिनीखालून ऊन येतं आणि ओसरीच्या आढ्यावर पडतं. आभाळ बदललं की रेडियन्स मॅप परत बनवावा लागतो, ते स्कायच्या प्रोसेस मोडवर ठरतं. हाय क्वालिटी एकदाच नीट बनवतो, इन्क्रिमेंटल तेच काम थोडं थोडं करून बऱ्याच फ्रेममध्ये पसरवतो, रिअलटाईम दर फ्रेमला बनवतो पण रेडियन्स साईझ २५६ च हवा. ऑटोमॅटिक यातलं स्वतः निवडतं आणि बहुतेक वेळा बरोबर निवडतं. सूर्य हळू फिरत असेल तर इन्क्रिमेंटल पुरतो.

मोबाईलसाठी करत असाल तर पहिल्याच दिवशी प्रोजेक्टचा रेंडरर मोबाईल किंवा कंपॅटिबिलिटी करून मगच लायटिंगला हात लावा. माझा एक अख्खा महिन्याचा सीन फॉरवर्ड प्लसमध्ये एसडीएफजीआय आणि व्हॉल्युमेट्रिक फॉगवर उभा होता, मित्राच्या फोनवर टाकला तेव्हा दोन्ही गायब, माजघर निळं आणि घाट कोरडा, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. फोनवर प्रोसिजरल आभाळ, रेडियन्स साईझ १२८ किंवा ६४, बेक केलेला लाईटमॅप आणि साधा फॉग एवढ्यात खूप चांगलं काम होतं. एक बिल्ड लवकर काढून फोन घेऊन उन्हात उभे राहा, ब्राइटनेस पूर्ण करा, आणि सावलीतली भिंत आणि कळशीची खालची बाजू दिसतेय का बघा, दिसत नसेल तर एक्सपोजर थोडं वाढवा, सूर्याला आणि आभाळाला हात न लावता.